हाला ब्रेड आणि आपल्या गिरणीचं सपीठ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी भाजायच्या ब्रेडचं एक पान आलं होतं. त्यात शेवटी ‘हाला’ या ज्यू लोकांच्या वेणी घातलेल्या ब्रेडची पाककृती होती. अशी पानं आपण छापता हे मला फार आवडतं, कात्रणं काढून ठेवणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण या पाककृतीतल्या दोन गोष्टी तशाच राहू नयेत असं वाटलं, म्हणून हे पत्र. कणीक दुधात भिजवून तिला लोणी लावायला सांगितलं आहे, ही एक. आणि खाली चौकटीत ठळक अक्षरांत छापलं आहे, ‘गव्हाच्या पिठाचा हा ब्रेड फुगत नाही, मैदाच वापरावा’, ही दुसरी. ज्या घरांतून हा ब्रेड आला त्या घरांत मटणाच्या जेवणाला तो दुधा-लोण्याचा चालत नाही. आणि दुसरं वाक्य निदान कोल्हापूरच्या वाचकांना तरी सांगू नये. मी मंगळवार पेठेत राहते. बहुतेक रविवारी आमच्याकडे हाला होतो, तोही गल्लीतल्या गिरणीतून त्याच सकाळी दळून आणलेल्या गव्हाचा. तो फुगतो.

आधी दुधाचं सांगते. माझं माहेर अलिबागचं. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे, आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्या आळीतली होती. कोकणातल्या या मराठी ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायल लोकांना, पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळायचा त्यांचा धंदा, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद. घरात मराठीच बोलायचे. तिच्या घरचा मलिदा मी कितीदा तरी खाल्ला आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं, एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने केलेला. त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा असायचा, नारळाच्या रसात आटवलेला. मटण शिजायचं त्या जेवणात दूध, दही, तूप पानावर येत नसे. मांस आणि दूध एका जेवणात घ्यायचं नाही हा त्यांच्या आहाराचा नियम. त्यामुळे जिथे जिथे सायीचा मऊपणा हवा तिथे तिथे त्यांच्या बायका नारळाचा रस वापरत.

हालाला दूध-लोणी न लावण्याचं कारणही हेच. शब्बाथ सुरू होतो शुक्रवारी सूर्यास्ताला, आणि त्या रात्रीच्या जेवणात बहुतेक घरी मांस असतं. भाकरीसारखा सगळ्या पदार्थांबरोबर मोडून खायचा ब्रेड दुधाचा झाला, तर तो त्या पानावर ठेवताच येणार नाही. म्हणून हालाला पाणी, तेल आणि अंडी. त्याची कांती आणि मऊपणा अंड्यांतून येतो. लोणी घालून होतो तो वेगळा ब्रेड. तोही चांगला असेल, पण त्याला हाला म्हणून छापू नये. आपल्याकडे कुणी उपवासाची खिचडी म्हणून कांदा-लसणाची कृती छापली तर आपण लगेच पत्र लिहू.

मैत्रिणीच्या अलिबागच्या घरी वेणीचा हाला नव्हता, हेही सांगायला हवं. ही वेणी मध्य युरोपातल्या जर्मन बोलणाऱ्या ज्यू लोकांकडून पसरली. मैत्रिणीचं कुटुंब इस्रायलला गेलं आणि तिथे शेजारणींकडून ती हाला शिकली. मला तिने तो फोनवर शिकवला, अलिबागच्या मराठीत. शब्बाथला दोन हाला ठेवतात आणि वरून कापड झाकतात, हेही तिनेच सांगितलं. बायबलच्या निर्गम पुस्तकात १६व्या अध्यायात गोष्ट आहे. रानात भटकणाऱ्या लोकांसाठी रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं, आणि सहाव्या दिवशी दुप्पट पडायचं, कारण सातव्या दिवशी गोळा करायला जायचं नाही. त्या दुपटीची आठवण म्हणून दोन. नव्या वर्षाला, म्हणजे रोश हशानाला, वेणी लांब न ठेवता गोल वळवतात आणि पुष्कळ जणी त्यात बेदाणे घालतात. मळण मोठं असलं तर भाजण्याआधी कणकेचा लहानसा गोळा काढून आशीर्वाद म्हणतात आणि तो जाळून टाकतात. याचं मूळ बायबलच्याच गणना पुस्तकाच्या १५व्या अध्यायात. मी हिंदू घरातली बाई, तो आशीर्वाद माझा नाही. पण पहिली चपाती गाईसाठी बाजूला काढणारा हात गोळा काढल्याशिवाय पुढे जात नाही. माझा गोळा सकाळी गच्चीवर येणाऱ्या चिमण्यांना जातो.

माझा शुक्रवार अंबाबाईचा. त्या दिवशी आमच्या घरात अंडंही फुटत नाही. म्हणून आमचा हाला रविवारचा. रविवारी मटण असतंच, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. आणि पांढरा रस्सा आमच्या घरी नारळाच्या दुधातच होतो, तीळ-खसखशीच्या वाटणाचा. मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, म्हणजे तुझा रस्सा आणि माझा हाला एका पानावर बसतात की.” बसतात, आणि फार चांगले बसतात. तांबड्यात हाला बुडवला की काकवीचा किंचित गोडवा तिखटाला आवरतो. मला पांढराच जास्त आवडतो.

आता पिठाचं. या पत्राचं खरं कारण ते आहे.

गव्हाच्या दाण्यात साधारण १४ टक्के कोंडा असतो, अडीच ते तीन टक्के अंकुर, आणि बाकीचा पांढरा गाभा. मैदा म्हणजे नुसता गाभा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि अंकुर, कोंडा काढून पीठ वेगळं करणं सोपं झालं. अंकुरात तेल असतं, ते हवेने खवट होतं. ते काढलं की पीठ महिनोन्‌महिने टिकतं, गोदामात राहतं, बोटीने जातं. बाजारासाठी ती सोय मोठी होती. पण गव्हाला जो वास असतो, दळण आणताना डब्याचं झाकण उघडलं की येतो तो, त्यातला पुष्कळसा त्या अंकुरात आणि सालात असतो. ताज्या पिठाचा हाला भाजताना आमच्या जिन्यात जो वास भरतो तो मैद्याच्या ब्रेडला येत नाही. वरच्या मजल्यावरची मुलं त्या वासावर खाली येतात.

मैद्याची बाजूही खरी आहे, ती मांडते. ब्रेड फुगतो तो ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या ताणल्या जाणाऱ्या प्रथिनाच्या, जाळ्यामुळे, आणि कोंड्याचे धारदार कण त्या जाळ्याच्या आड येतात. दुसरं म्हणजे आपल्या चक्कीत दगडांचा दाब आणि उष्णता जास्त. त्याने पिठातले स्टार्चचे कण फुटतात आणि पीठ जास्त पाणी पितं. चपातीला हेच हवं असतं, त्यानेच ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. ब्रेडला मात्र कणीक चिकट होते आणि आकार धरत नाही. कुणी चपातीचं पीठ डब्यातून काढून त्यात मैद्याच्या मापाने पाणी घातलं, तर वीट होईल, आणि मग ती व्यक्ती म्हणेल की गव्हाचा ब्रेड फुगत नाही. चौकटीतलं वाक्य बहुधा अशाच अनुभवातून आलं असावं. दोष गव्हाचा नाही. गहू कोणता, कसा दळला आणि पाणी किती पाजलं, यावर सगळं ठरतं. आणि या तिन्ही गोष्टींचं उत्तर कोल्हापुरातल्या बायकांना फार आधीपासून ठाऊक आहे.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा उन्हाळ्यात आमच्या वाड्यात शेवया व्हायच्या. सासूबाई, चुलत सासूबाई, शेजारच्या दोघी-तिघी. शेवयांसाठी चपातीचं पीठ कुणी घेत नसे. त्याला सपीठ लागायचं. आदल्या रात्री गव्हावर पाण्याचा हबका मारून, हाताने चोळून, तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा. याला ‘गहू ओलवणे’ म्हणतात. सकाळी दाण्याचं साल चिवट झालेलं असतं आणि आतला गाभा कोरडा, ठिसूळ. असा गहू दळला की साल मोठ्या पापुद्र्याने सुटतं, त्याचा भुगा होत नाही. मग बारीक चाळणीने, अगदी निगुतीने करायचं तर वस्त्रगाळ, कोंडा वेगळा आणि सपीठ वेगळं. कणीक मळून तासन्‌तास झाकून ठेवायची, मग पुन्हा तिंबायची. सासूबाई लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी ताणायच्या, उजेडाकडे धरायच्या, तुटला नाही तरच म्हणायच्या, “आता तार धरली.” पुढे मी बेकिंगचे व्हिडिओ बघितले तेव्हा परदेशातले बेकर ब्रेडची कणीक अगदी अशीच ताणून उजेडाकडे धरताना दिसले. आमच्या वाड्यात कुणी ग्लुटेन हा शब्द ऐकला नव्हता, पण कुरडयांचा चीक गाळताना हाताला लागणारा ताणता येणारा चोथा सगळ्यांना माहीत होता. चिकात स्टार्च जातो आणि चोथ्यात कोंड्याबरोबर ग्लुटेनही राहतं.

हालासाठी मी हेच करते. किलोभर गव्हाला दोन-तीन मोठे चमचे पाणी, रात्रभर फडक्यात. सकाळी दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे, ओलसर गहू दगडाला चिकटतो. हे मला आमच्या गिरणीवाल्या भावाने सांगितलं. पहिल्यांदा मी त्याला ब्रेडसाठी दळायचंय म्हटलं तेव्हा त्याने दाणा दाताखाली फोडून बघितला आणि म्हणाला, “काकी, चपातीसारखं कडक धरत न्हाई. सैल सोडतो, म्हंजे पीठ तापायचं न्हाई आन्‌ कोंडाबी मोठा पडंल. सपीट निवांत निघंल बघा.” एवढं कुठल्या पाकिटावर लिहिलेलं असतं? दगडांमधलं अंतर किती ठेवायचं, दगडाला टाकी कधी लावायची, म्हणजे खाचा पुन्हा कधी पाडायच्या, कोणत्या धान्यावर कोणतं धान्य घ्यायचं, हे त्याच्या कानाला आणि तळहाताला कळतं. दळताना दगडाचा आवाज बदलला की तो बोलता बोलता थांबतो आणि हात चाकावर नेतो.

गिरणीत एक काळजी मात्र घ्यावी लागते. गव्हावरच गहू दळून घ्यावा. आधीचं दळण ज्वारीचं किंवा नाचणीचं असेल तर पहिल्या ओंजळीत ते येतं, आणि त्या धान्यांत ग्लुटेन नसल्याने हालाची तार तुटते. गर्दी नसेल तेव्हा जावं आणि गव्हाचा डबा झाल्यावर आपला डबा लावायला सांगावा, कुणी नाही म्हणत नाही. दुसरं, पीठ गरम असतं. घरी आल्यावर ते कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावं. गरम पिठात कणीक भिजवली तर यीस्ट भलतंच पळतं आणि चव आंबट होते.

गव्हाचा वाण विचारून घ्यावा. लक्ष्मीपुरीत दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो. मला हालासाठी लोकवन सगळ्यात हाती बसला आहे. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेला हा वाण आपल्याकडे घरोघरी झाला, त्याची तार चांगली धरते. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती गोडसर लागतो, त्याचाही होतो. आपल्या कृष्णाकाठच्या खपलीवर माझा फार जीव आहे. खिरीला आणि पुरणपोळीला तिच्यासारखा गहू नाही. पण खपलीचं ग्लुटेन ताणलं जातं आणि मग तसंच सैल पडतं, वर उचलून धरत नाही. नुसत्या खपलीची वेणी भाजताना पसरते. चार वाट्यांत एक वाटी खपली मिसळली तर वास आणि रंग मिळतो, वेणीही राहते.

मापं सांगते, म्हणजे पुरवणीत छापायची झाली तर उपयोगी पडतील. चाळलेलं सपीठ ५०० ग्रॅम, पाणी २४० मिली, दोन अंडी, तेल ६० मिली, काकवी ५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. शिवाय वरून लावायला एक अंडं आणि तीळ किंवा खसखस. परदेशी कृतींत मध असतो, मी काकवी घालते. कोल्हापुरात राहून ब्रेडमध्ये बाटलीतला मध घालायचं मला पटत नाही. गुऱ्हाळाची काकवी मधापेक्षा गडद, तिला उसाचा वास असतो आणि ती सपिठाच्या चवीला सोडून जात नाही. तेल शेंगदाण्याचं. ज्यांना त्याचा वास जड वाटतो त्यांनी सूर्यफूल किंवा करडई घ्यावं.

सगळं एकदम कालवू नये. पीठ, पाणी, दोन अंडी आणि काकवी एवढंच कालवून अर्धा तास झाकून ठेवावं. ताजं पीठ पाणी सावकाश पितं, आणि त्या अर्ध्या तासात कोंड्याचे उरलेले कण मऊ होतात. शेवयांची कणीक झाकून ठेवायची ती याच कारणाने. मग यीस्ट, मीठ आणि शेवटी थोडं थोडं तेल घालत पंधरा-वीस मिनिटं परातीत तिंबावी. सुरुवातीला हाताला चिकटते, तिथे घाबरून कोरडं पीठ घालत बसू नये. तेलाचा हात लावावा आणि तिंबत राहावं. कणीक परात सोडते आणि ताणली की पापुद्र्यातून उजेड दिसतो तेव्हा थांबावं. चाळलेल्या कोंड्यातला मूठभर गरम पाण्यात भिजवून, निथळून मी या वेळी परत कणकेत घालते. आता जाळं तयार झालेलं असतं, भिजलेला कोंडा त्याला फारसा त्रास देत नाही.

गिरणीच्या पिठाची कणीक मैद्यापेक्षा लवकर फुगते. चैत्र-वैशाखात इथे पाऊण-एक तास पुरतो, थंडीत दीड-दोन. पूर्ण दुप्पट होण्याची वाट बघू नये. दीडपट झाली की पुरे, जास्त ठेवली तर भाजताना बसते. मग पेड करावेत. तीन पेडांची साधी तिपेडी वेणी कुणालाही जमते, आणि ज्यांनी मुलींच्या चौपेडी वेण्या घातल्या आहेत त्यांना सहा पेडांची घडणही दोनदा बघून येईल. पेड टोकांना निमुळते, मध्ये जाड. वेणी सैल घालावी. घट्ट घातली की ओव्हनमध्ये पेड फुगायला जागा शोधतात आणि वेणी मधेच फाटते. अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावी, बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की भाजायला घ्यावी. फेटलेलं अंडं एकदा वेणी घातल्यावर आणि एकदा ओव्हनमध्ये ठेवण्याआधी असं दोनदा लावावं, त्यानेच तो तांबूस चकाकतो. आमच्या साध्या ओटीजीत १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं लागतात. काकवीमुळे वरचा रंग लवकर चढतो, तेव्हा वीस मिनिटांनी वरून फॉइल टाकावं. पालथा करून बुडाला टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. आणि गार होईपर्यंत कापू नये. घरच्यांना हे सगळ्यात अवघड जातं.

मैद्याचा हाला याहून उंच होतो, हे मान्य. आतून तो पांढरा आणि कापसासारखा हलका निघतो. माझा हाला बदामी रंगाचा, थोडा बुटका, पण पेड सुटून येतात आणि धागा निघतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर तेल सोडून परतला की मिसळीबरोबर फार चांगला लागतो. मिसळीला आपण कोल्हापूरकर ब्रेड खातोच. त्या ब्रेडला स्वतःची चव असू शकते, हे आमच्या घरच्या मुलांना हालामुळे कळलं. आता बाहेरचा ब्रेड आणला की ते विचारतात, याला वास का नाही?

एक गोष्ट जाता जाता. ताजा मैदा ब्रेडला तितकासा चांगला नसतो, तो काही आठवडे मुरला की हवेने त्याचं ग्लुटेन बळकट होतं. तेवढं थांबायला नको म्हणून जगभर पिठात रसायनं घालायची पद्धत पडली. त्यातल्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्या देशात २०१६ साली बंदी आली. गिरणीतून त्याच दिवशी आणलेल्या सपिठात यातलं काही नसतं. मुरण्याचं काम आपण वेळ देऊन करून घेतो, अर्धा तास झाकून आणि वीस मिनिटं तिंबून. उरलेलं सपीठ मात्र आठवड्याच्या आत संपवावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं, अंकुराचं तेल त्यात असतं.

हे सगळं मी इतकं का लिहिते आहे ते सांगते. आमच्या भागात मी आले तेव्हा हाकेच्या अंतरावर गिरण्या होत्या. सकाळी बायका डबे ठेवून भाजीला जायच्या आणि येताना दळण घेऊन यायच्या. आता त्यातल्या काही बंद झाल्या, एकीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पाकिटातलं पीठ येतं, घरघंट्या आल्या. घरघंटीला मी वाईट म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसाला जिना उतरायला नको ही मोठीच सोय आहे. पण माझ्या अनुभवाने तिच्यात कोंडा फार बारीक होतो आणि सपीठ नीट निघत नाही. ज्याला दाणा दाताखाली फोडून गहू कळतो असा माणूस आपल्या गल्लीत बसलेला आहे. नव्या मुली हौसेने ब्रेड, केक, पिझ्झा घरी करतात, ओव्हन घेतात, वजनकाटे घेतात, फार चांगलं करतात. त्यांना मात्र वर्तमानपत्रातली प्रत्येक पाककृती पाकिटातल्या मैद्याकडेच पाठवते. त्यातली एक जरी गिरणीत जाऊन म्हणाली, “दादा, सैल दळा, सपीठ काढायचंय,” तर गिरणीवाल्याला नवं गिऱ्हाईक मिळेल, आणि तिला असं काही शिकायला मिळेल जे कुठल्याही व्हिडिओत नाही. गहू ओलवणं, सपीठ काढणं हे जाणणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या हातची ही विद्या शेवयांबरोबर संपायला नको. हालासारख्या परक्या ब्रेडला ती इतकी उपयोगी पडते, तर तिला अजून पुष्कळ काम आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या दोन. येत्या रविवारच्या पुरवणीत हालाच्या कृतीतली दूध-लोण्याची दुरुस्ती छापावी. आपला अंक अलिबागपासून परदेशापर्यंत जिथे जिथे मराठी आहे तिथे वाचला जातो. शब्बाथच्या जेवणासाठी ही कृती करायला घेणारी एखादी मराठी बाई लोणी बघून पान मिटून ठेवेल, तसं होऊ नये. आणि यापुढे ब्रेडच्या कोणत्याही पाककृतीत नुसतं ‘मैदा’ लिहून थांबू नये. तीच कृती गिरणीच्या सपिठाने करून बघावी, गहू कोणता घेतला आणि पाणी किती जास्त लागलं ते शेजारी लिहावं. माझी मापं छापायला माझी काही हरकत नाही, नावाची गरज नाही. फक्त एक ओळ जागेअभावी गाळू नये. काकवीऐवजी गूळ घेतला तर तो आधी त्याच २४० मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, आणि पाणी गार झाल्यावरच पिठात घालावं.

आपली,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर